शनिवार, बँकॉक आणि 'जेवलास का?'

नवरा बँकॉकला असतो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू उमटतं. तीन महिन्यांत मी त्या हसण्याच्या सगळ्या व्हरायटीज बघितल्या. मैत्रिणी डोळा मारतात, सोसायटीतले काका 'असं का!' म्हणून घसा खाकरतात आणि सासूबाई विषयच बदलतात. मी आपली सगळ्यांना ठरलेलं उत्तर देते, 'अहो, त्या बिचाऱ्याला तिथं धड जेवायला मिळत नाही, बाकीचं काय घेऊन बसलात!'

कारण आमचे नवरोबा पक्के शाकाहारी. केकमध्ये अंडं आहे का हे विचारल्याशिवाय वाढदिवस साजरा न करणारे. मी रत्नागिरीची. आमच्या घरात दोन तवे आहेत, यावरून काय ते समजून घ्या. तर असा हा माणूस कंपनीनं तीन महिन्यांसाठी उचलून अशा देशात नेऊन ठेवला, जिथं साध्या भाजीतही माशाचा सॉस घालतात. रोज रात्री फोन. माझे साडेआठ म्हणजे त्याचे दहा. माझा पहिला प्रश्न ठरलेला.

'जेवलास का?'

'हो.'

'काय?'

'भात.'

संपलं! मग दोघंही आपापल्या लॅपटॉपकडे. माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र असायचं. हॉटेलसारखी खोली, ट्यूबलाइट आणि मेतकूट-भात कालवत बसलेला हा. त्याचा एक कलीग इकडून जात होता, त्याच्या बॅगेत मी चिवडा, भाजणी आणि लोणचं अक्षरशः कोंबलं होतं.

तीन महिने संपत आले तेव्हा फोनवर 'काम थोडंसं वाढतंय' असं ऐकलं. त्या 'थोडंसं'चा आवाज मला काही बरा वाटला नाही. फेब्रुवारीत दोन असाइनमेंट्सच्या मध्ये गॅप मिळाली, स्वस्तात तिकीट मिळालं, आणि मी शुक्रवारी मध्यरात्री बँकॉकला थडकले. परतीचं विमान रविवारी रात्री. म्हणजे हातात अख्खा असा एकच दिवस, शनिवार.

आणि त्या एका दिवसाची नवरोबांनी एक्सेल शीट केली होती. फाइलचं नाव 'सॅटरडे फायनल ३'. वेळ, ठिकाण, तिकीट, जेवण असे कॉलम. दुपारी पंधरा मिनिटांचा 'बफर'सुद्धा होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'स्लीव्हलेस नको, गुडघ्याच्या वरचं नको.' म्हटलं, हे तू लिहिलंस की आईंनी? तर म्हणे राजवाड्याचा नियम आहे.

सकाळी सातला त्याच्या गल्लीत उतरलो. इथं गल्लीला 'सोय' म्हणतात. कोपऱ्यावर एक छोटंसं दुकान, समोर स्टीलचे दहा-बारा ट्रे मांडलेले आणि वर एक पिवळी पताका, त्यावर लाल अक्षर. मागून एक मावशी ओरडल्या, 'किन खाव रू यांग?'

आणि माझा नवरा, जो पुण्यात शेजाऱ्यांकडे विरजण मागायला मला पाठवतो तो, हसत हसत थाईमध्ये काहीतरी बोलला. मावशी खळखळून हसल्या. माझ्याकडे बोट करून त्यांनी काहीतरी विचारलं. हा लाजला. चक्क लाजला!

'काय म्हणाल्या त्या?'

'रोज विचारतात. भात खाल्लास का? इथं कुणीही कुणालाही असंच विचारतं. आपल्याकडच्या "जेवलास का"सारखं.'

त्या पिवळ्या पताकेचा फंडा त्यानं मला समजावून सांगितला. त्या लाल अक्षराचा उच्चार 'जे'. जिथं ते दिसेल तिथं मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, दूध नाही. एवढंच काय, कांदा-लसूणही नाही. चिनी बौद्ध परंपरेतून आलेली ही पद्धत. वर्षातून एकदा, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात, नऊ दिवस अख्ख्या शहरात अशा पताका लागतात. थोडक्यात, एकीकडे मी भाजणी पाठवत होते आणि इकडे ह्याला आपल्या चातुर्मासाचा मेनू गल्लीच्या कोपऱ्यावर मिळत होता! वाफाळता भात, त्यावर तुळशीसारख्या पानांत परतलेलं टोफू, बाजूला नारळाच्या दुधातला लाल भोपळा. झक्कास होतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण पोटात कुठेतरी बारीकसं टोचलं. माझ्या रोजच्या प्रश्नाला आधीच कुणीतरी उत्तर देऊन ठेवलं होतं, आणि ते मला तीन महिने माहीतच नव्हतं.

शीटप्रमाणे पुढचा आयटम 'बोट'. सेन सेप नावाच्या कालव्यातून धावणारी ही बोट म्हणजे बँकॉकची लोकलच. धक्क्याला लागते न लागते तोच लोक उड्या मारून आत. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या कडेवरून बाहेरच्या बाहेर चालत तिकीटं फाडतो. पाणी काळं आणि वासाचं, म्हणून दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे पडदे, आणि शिंतोडे आले की कडेच्या प्रवाशानं दोरी ओढून ते वर करायचे. नवरोबांनी दोरी ओढली. न सांगता, न बघता, फोनवर बोलता बोलता. दादरला जिना चढणारा माणूस जसा खाली न बघता चढतो ना, तसं. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

पुढे टुकटुकमध्ये त्यानं मला शहराचं खरं नाव ऐकवलं. थाई लोक बँकॉकला बँकॉक म्हणतच नाहीत, 'क्रुंग थेप' म्हणतात, म्हणजे देवांचं नगर. पूर्ण नाव इतकं लांबलचक की गिनीज बुकात त्याची जगातलं सर्वांत लांब स्थलनाम म्हणून नोंद आहे. कान देऊन ऐकलं तर त्यात आपले शब्द सापडतात. महानगर, रत्न, अयोध्या आणि सगळ्यात शेवटी विश्वकर्मा! इंद्रानं दिलेलं आणि विश्वकर्म्यानं बांधलेलं नगर, असा त्याचा अर्थ. जुनी राजधानी अयुथ्थया १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्यानं उद्ध्वस्त केली. पंधरा वर्षांनी, १७८२ मध्ये, पहिल्या राम राजानं नदीच्या या काठावर नवी राजधानी वसवली. उद्ध्वस्त झालेल्या शहराचं नाव त्यानं नव्या शहराच्या नावात गुंफून टाकलं. घर बदलताना जुन्या घराची पाटी जपून आणावी ना, तसं.

राजवाड्यात माणशी ५०० बाट मोजून शिरलो. मनातल्या मनात रुपये करायची सवय पहिल्या तासात सोडून द्या, नाहीतर दिवसभर तोंड कडू राहतं. आत सोनंच सोनं, काचांचे तुकडे आणि जगभरातल्या सेल्फी स्टिक्स. पाचूचा बुद्ध प्रत्यक्षात पाचूचा नाही, जेडसारख्या हिरव्या दगडाचा आहे. उंची जेमतेम ६६ सेंटिमीटर, पण थाट असा की ऋतू बदलला की वर्षातून तीनदा त्याची वस्त्रं बदलतात, आणि तो मान राजाचा. तरी माझं मन रमलं ते ओवरीतल्या भिंतींवर. तिथं रामायण आहे! थाई रामायण, 'रामकियन', ओळीनं १७८ चित्रांमध्ये.

इथला हनुमान पांढराशुभ्र. आणि मंडळी, ब्रह्मचर्याची भानगड अजिबात नाही. सेतू बांधायला टाकलेले दगड गायब व्हायला लागतात म्हणून तो पाण्यात उडी मारतो. बघतो तर रावणाची मुलगी, अर्धी मासोळी असलेली सुवण्णमच्छा, माशांच्या फौजेकरवी दगड पळवतेय. हा तिला पकडायला जातो आणि दोघं प्रेमात पडतात. पुढे मुलगाही होतो. आपल्याकडच्या मकरध्वजाला निदान घामाच्या थेंबाचं निमित्त तरी होतं!

'अरे, शनिवार आहे आज. निदान आज तरी मला हे दाखवू नकोस,' मी म्हटलं. 'आपला मारुती लंकेला ऑनसाइट गेला, काम केलं आणि रिपोर्टिंगला परत आला. इथल्याचं बघ. डेप्युटेशनवर गेलेल्या माणसाचं काय होतं ते!'

एरवी अशा पांचट विनोदाला हा हमखास हसतो. आज त्यानं मोबाइल काढला आणि शीट बघितली. 'चल, वाट फो. उशीर होतोय.'

वाट फोमध्ये बुद्ध पहुडलेला आहे. लांबी ४६ मीटर, उंची १५. एका नजरेत तो मावतच नाही. डोक्यापासून चालायला लागायचं आणि पायापाशी पोचायचं. तळव्यांवर शिंपल्यांच्या नक्षीत १०८ शुभचिन्हं आहेत. परतीच्या वाटेवर, त्याच्या पाठीमागे, भिंतीलगत १०८ पितळी वाडगी ओळीनं मांडलेली. कपभर सुटी नाणी विकत घ्यायची आणि प्रत्येक वाडग्यात एक एक टाकत जायचं. टण्, टण्, टण्. आख्खं दालन त्या आवाजानं भरलेलं असतं. मी मन लावून मोजत होते. साठ, एकसष्ठ, बासष्ठ.

मागून आवाज आला, 'दोन वर्षांचं विचारतायत. सोमवारी सांगायचंय.'

माझा आकडा चुकला.

'सोमवारी? म्हणजे परवा?'

'हो. फोनवर सांगायचं नव्हतं. म्हटलं, तू एकदा शहर बघ. तुला आवडेल.'

म्हणजे एक्सेल शीट सहलीची नव्हतीच, प्रेझेंटेशनची होती! मी उरलेली नाणी एकाच वाडग्यात ओतली. मागच्या आजींनी दचकून बघितलं.

तिथून वाट अरुण समोरच्या काठावर. फेरीबोट पाच मिनिटांत पलीकडे नेते, पण त्या पाच मिनिटांत आम्ही जे काही बोललो नाही, ते इथं लिहायला बसले तर अंक पुरणार नाही. दारात हिरवागार दशकंठ, म्हणजे आपला रावण, गदा रोवून उभा. आत भाड्याचे थाई पोशाख घालून फोटो काढणाऱ्या मुलींची झुंबड. देवळाच्या उंच मनोऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे बसवलेत. चीनहून येणाऱ्या जहाजांत वजनासाठी भरून आणलेली ती भांडी, असं सांगतात. लांबून नुसती फुलं दिसतात. जवळ गेलं की कळतं, अरे, ही तर बशी आहे.

पायऱ्या भयंकर उभ्या. मधल्या टप्प्यावर धापा टाकत बसलो आणि मग भांडलो. मराठीतून भांडायचा परदेशात एक फायदा आहे, आवाज वाढला तरी चालतो.

'तू मला विचारायला हवं होतंस.'

'विचारतोय की.'

'सांगतोयस तू. विचारणं वेगळं असतं.'

'अगं, पण इथं पगार बघ. फ्लॅट कंपनीचा. आणि तुझं काय, तू फ्रीलान्स. लॅपटॉप काय, कुठूनही चालतो.'

वाचकहो, तुमच्यापैकी जे कुणी फ्रीलान्सिंग करतात त्यांना हे वाक्य पाठ असेल. बँकेतला माणूस म्हणतो, नातेवाईक म्हणतात, कुरिअरवाला दुपारी शेजारच्यांचं पार्सल आपल्याकडे ठेवून जाताना न बोलता म्हणतो. नवऱ्यानं म्हटल्यावर मात्र जरा जास्तच लागतं. मी काहीच बोलले नाही. पायऱ्या उतरले. तो मागे मागे. शीटमधला पंधरा मिनिटांचा बफर कधीच संपला होता.

परत या काठावर येऊन आम्ही नुसतेच चालत सुटलो आणि पाक ख्लोंग तलाटला, म्हणजे फुलबाजारात, शिरलो. झेंडूच्या राशी, कमळांच्या जुड्या, ओल्या गोणपाटाचा वास. दादरचा फुलबाजार उचलून पंख्याखाली ठेवलाय म्हणा ना. एका गाळ्यात साधारण माझ्या आईच्या वयाची बाई जमिनीवर बसून माळ ओवत होती. लांबलचक सुई, मोगऱ्याच्या कळ्या आणि मध्ये पांढरी, मेणासारखी, पाचकोनी फुलं.

'अरे, ही रुई!' मी ओरडलेच.

खरंच रुई होती. आपण शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो ती, माळरानावर कुणी ढुंकूनही बघत नाही ती. इथं तिची फुलं एकेक सोलून सुबक माळा करतात, आणि त्या देवाला आणि लग्नातही घालतात. माझ्यातली बातमीदार खडबडून जागी झाली. वही काढली. किती वर्षं हे काम करता? फूल कुठून येतं? दिवसाला किती माळा होतात? मुली शिकतात का? मी नवऱ्याकडे वळले. 'विचार ना त्यांना.'

त्यानं सुरुवात केली. 'किती रुपयांना' हे त्याला येत होतं. 'छान' येत होतं. 'धन्यवाद' येत होतं. पुढे मोबाइलवर भाषांतर करून दाखवलं, बाईंनी वाचलं, हसून काहीतरी लांबलचक बोलल्या, हातवारे केले, एका फुलाकडे बोट दाखवलं, मग दाराबाहेर कुठेतरी. मोबाइल म्हणाला, 'ती पूर्वी पाणी होती.' आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. बाई थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ते सांगायचं राहून गेलेलं काहीतरी तसंच होतं, आणि ते घ्यायला माझ्याकडे भांडंच नव्हतं.

मी वही मिटली. एक माळ विकत घेतली. बाहेर आल्यावर बराच वेळ नवरोबा गप्प. मग म्हणाला, 'तुझं काम इथं चालणार नाही, ना?'

'लॅपटॉप चालेल,' मी म्हटलं. 'मी चालणार नाही. माझं निम्मं काम लोकांचं बोलणं ऐकण्यात असतं.'

'हं.' परत थोडा वेळ गप्प. 'मला वाटायचं तू लिहितेस म्हणजे टाइप करतेस.'

दोन वर्षांच्या संसारात माझ्या कामावर त्यानं उच्चारलेलं हे सर्वांत प्रामाणिक वाक्य. राग यायला हवा होता, हसू आलं. मग मीही कबूल केलं, की सकाळपासून मला काय टोचत होतं. त्याला इथं जमतंय, हे. तो तिकडे केविलवाणा असेल असं धरून चालले होते मी. तसं असतं तर सगळं सोपं होतं. 'ये परत' म्हणायचं, झालं. पण जो माणूस पुण्यात खाली मान घालून चालतो, तो इथं मावशींशी हसतो, बोटीत उडी मारून चढतो. त्याला कुठल्या तोंडानं परत ये म्हणू?

'त्या फुलाचं नाव माहितीये मला,' तो मध्येच म्हणाला. 'डोक रक. डोक म्हणजे फूल.'

'आणि रक?'

'प्रेम.' आणि लगेच, 'असं ऑफिसातला एक जण म्हणाला.'

संध्याकाळी यावरातला, म्हणजे तिथल्या चायना टाउनमध्ये, शीट ऑफिशियली रद्द झाली. लाल-पिवळ्या निऑनच्या पाट्या, भाजलेल्या चेस्टनटचा धूर आणि फुटपाथवर स्टुलं. माझ्यासाठी कोळंबीच्या शेवया, त्याच्यासाठी पिवळ्या पताकेच्या गाडीवरून 'जे' शेवया. एकाच पत्र्याच्या टेबलावर दोन देश. जिथं पताका नसेल तिथं शाकाहाऱ्यांनी 'माय साय नाम प्ला', म्हणजे 'माशाचा सॉस नको', हे चार शब्द पाठ करून ठेवावेत. नवरोबांचे तर झोपेतही पाठ आहेत. शेवटी एका ताटलीत दोन चमचे. नारळाच्या दुधात मुरवलेला चिकट भात, वर खारट-गोड नारळाची साय, कुरकुरीत मूगडाळ आणि आंबा. रत्नागिरीकरणीला परक्या आंब्याविषयी मत विचारू नये, तरी सांगते, भात अप्रतिम होता.

तिथं बसून आम्ही खरं खरं बोललो. दोन वर्षं मला जमणार नाहीत. लगेच परतणं त्याला आवडणार नाही. त्यानं सहा महिने मागायचे. पावसाळ्यात मी महिनाभर येऊन राहायचं, तेही पर्यटक म्हणून नाही; थाईच्या क्लासला जायचं आणि त्या फुलवाल्या बाईंना त्यांचं राहिलेलं वाक्य परत विचारायचं. पुढचं पुढे. तोडगा काही फार सॉलिड नव्हता, दोघांनाही थोडा थोडा अपुरा पडत होता. पण तो एक्सेलमध्ये केलेला नव्हता.

रविवारी सकाळी परत त्या कोपऱ्यावर गेलो. मावशींनी या वेळी प्रश्न मला टाकला. 'किन खाव रू यांग?'

मी नवऱ्याकडे बघितलं. त्यानं कानात सांगितलं, 'नसेल खाल्लं तर नुसतं "यांग" म्हण. अजून नाही.'

'यांग!' मी म्हटलं. मावशी खूश. भात जरा जास्तच वाढला.

'सोमवारी सहा महिन्यांना नाही म्हणाले आणि दोन वर्षांवरच अडून बसले तर काय सांगू?' नवरोबांनी घास घेता घेता विचारलं.

'यांग,' मी म्हटलं.

हे लिहीपर्यंत त्याच्या ऑफिसनं काहीच कळवलेलं नाही. त्यांचंही यांगच म्हणायचं. फोन मात्र रोज रात्री साडेआठला येतो. आता 'भात' एवढ्यावर तो सुटत नाही. कुठला भात, सोबत काय, मावशी काय म्हणाल्या, सगळं सांगावं लागतं. आणि काल, पहिल्यांदाच, माझ्या प्रश्नाच्या आधी तिकडून प्रश्न आला, 'आज कुणाचा इंटरव्ह्यू होता गं? काय काय बोलले?'

फोन ठेवला तेव्हा दहा वाजून गेले होते. त्या नादात माझंच जेवण राहिलं होतं.